पुलालाही हवी ३९ आणि ४३ ची पट्टी

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘किती फूट झालं?’ कुठलं पाणी, कशाचे फूट, हे कुणी विचारत नाही. पंचगंगेवरच्या, कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणी मोजायची पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ३७ ऐकलं की चिखली-आंबेवाडीत जनावरं कुठं हलवायची याची बोलणी सुरू होतात. ४१ ऐकलं की सुतारवाड्यातली माणसं बोचकी बांधतात आणि सखल भागातला दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतो. कुणाला भाषण द्यावं लागत नाही.

हा दोन आकड्यांचा व्यवहार साधा दिसतो, पण जोखीम स्वीकारण्याचं जाहीर गणित यापेक्षा चांगलं क्वचितच सापडेल. ३८ फुटांना धोका शून्य असतो असं कुणीच म्हणत नाही. एवढ्या पाण्यापर्यंत आपण घरात राहणार, त्यापुढे तयारीला लागणार आणि अमुक एका पातळीनंतर बाहेर पडणार, हे आधी ठरलेलं आहे, आकड्यात आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. सांगलीकरांना आयर्विन पुलावरचे ४० आणि ४५ असेच तोंडपाठ असतात.

याच पंचगंगेवरचे पूल आणि बंधारे मात्र एका पाटीवर भागवतात. ‘हा पूल धोकादायक आहे. वाहने सावकाश चालवावीत.’ ही पाटी नीट वाचावी. पूल धोकादायक असेल तर त्यावरून जायचंच कशाला? आणि सावकाश गेल्याने नेमकं काय वाचतं? वेग कमी केला की धक्क्याचा भार कमी होतो, हे खरं. १० मीटर गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमध्ये तेवढं अंतर असलेल्या काँक्रीट पुलाच्या संकल्पनात (डिझाइनमध्ये) त्या धक्क्यापोटी वाहनाच्या वजनात साधारण २८ टक्के वाढ धरतात. सावकाश जाऊन वाचलं तर त्यातलंच काही वाचेल. ट्रकचं वजन तेवढंच राहतं, खालची नदी तीच राहते आणि गंजलेली सळईही गंजलेलीच राहते. पाटीने एक काम मात्र चोख होतं. उद्या काही झालं तर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणायची सोय होते. जोखीम खात्याच्या वहीतून उचलून दुचाकीवर दूध घालायला निघालेल्या माणसाच्या पाठीवर ठेवली जाते. तिचं वजन किती, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या पुलाची, बंधाऱ्याची, धरणाच्या दरवाजाची जोखीम आपण रोज स्वीकारतच असतो. ती किती, कुणी स्वीकारली आणि कधीपर्यंत, हे आकड्यात लिहून दाराशी लावावं. प्रत्येक बांधकामाला त्याचा स्वतःचा ३९ आणि ४३ असावा.

आधी वयाचा मुद्दा. ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्द बातमीत आला की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानीचा पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या, आणि राज्यभरच्या दगडी पुलांकडे संशयाने बघायची सवय लागली. पण चिपळूणजवळचं तिवरे धरण जुलै २०१९ मध्ये फुटलं तेव्हा ते जेमतेम वीस वर्षांचं होतं. गुजरातेत महीसागर नदीवरचा गंभीरा पूल १९८५ चा होता. जुलै २०२५ मध्ये त्याचा गाळा कोसळला तेव्हा त्याला चाळीस वर्षं झाली होती. आपला पंचगंगेवरचा शिवाजी पूल १८७० च्या दशकातला आहे आणि २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही महापूर अंगावर घेऊन उभा आहे. काळ्या दगडाची कमान फक्त दाबाखाली काम करते, तिच्यात गंजायला सळई नसते. सांध्यातला चुना किती टिकतो हे पाण्याच्या झिरपण्यावर ठरतं. पाणी निघायची भोकं मोकळी असली आणि सांध्यात पिंपळाचं रोप रुजू दिलं नाही तर अशी कमान आपल्या नातवंडांनाही पुरेल. भोकं बुजली, आतला भराव ओला राहिला, की तेच पाणी चुना धुऊन बाहेर आणतं. कमानीच्या पोटावर दिसणारे पांढरे ओघळ म्हणजे पुलाचा चुनाच बाहेर येत असतो. पुलाचं वय कागदावर लगेच सापडतं म्हणून आपण ते पुढे करतो. तेवढ्या श्रमात भोकं मोजून होतील.

वय बाजूला ठेवलं की प्रश्न उरतो तो ताकद आणि भार यांच्या अंतराचा. ताकद हळूहळू उतरते हे सगळे मान्य करतात, भार गुपचूप वाढतो याकडे लक्ष जात नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने तीन आसांच्या ट्रकची कायदेशीर मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन केली. एका अधिसूचनेने देशातल्या प्रत्येक जुन्या पुलावरचा कायदेशीर भार वाढला. पूल होता तिथेच होता. आणि हा कायदेशीर आकडा झाला. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर कुठल्या मर्यादेत बसतो हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

दुसरा भार त्याहून लबाड आहे. दर चार-सहा वर्षांनी पुलावर डांबराचा नवा थर पडतो, जुना थर खरवडून काढायचे कष्ट कुणी घेत नाही. ५० मिलिमीटरचा थर, ३० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद गाळा, डांबरी मिश्रणाची घनता घनमीटरला २.३ टन धरली तर एका थराचे २४ टन होतात. चार थर चढले की ९७ टन. म्हणजे भरलेले तीन-साडेतीन ट्रक त्या गाळ्यावर कायमचे पार्क केले. ट्रक पुलावरून जातो, डांबर जात नाही. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला तेव्हा हाच प्रकार चौकशीत पुढे आला. लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचं तळ बसवून वजन वाढवलेलं होतं, आणि दोरखंडाच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. वरून नवं दिसत होतं, हे विशेष.

दगडी कमानीला थोडं जास्त वजन उलट मानवतंही, तिची अडचण वेगळीच असते. थर चढत गेले की रस्ता वर येतो आणि कठडा ठेंगणा होतो. मीटरभर उंचीचा कठडा चार थरांनंतर ८० सेंटिमीटर उरतो. तोही बैलगाडी आणि टांग्याच्या काळातला, चुन्यात बसवलेला दगड. मिनीबसचा आडवा धक्का घेण्याचं त्याच्या संकल्पनातच नव्हतं. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरून मिनीबस कठडा तोडून खाली गेली आणि १३ माणसं दगावली. पूल शाबूत होता. त्या वेळी शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभा होता, ब्रह्मपुरीच्या पुरातत्त्वीय टेकडीमुळे परवानगीत अडकलेला. गावभर चर्चा व्हायची ती ‘पूल पडेल का’ याची. जीव गेले ते कठड्यापाशी. म्हणून पुलाची जोखीम एका शब्दात लिहिता येत नाही. कमान, पाया, कठडा, जोडरस्ता अशा प्रत्येकाची नोंद वेगळी लागते, आणि त्यात सगळ्यात कमकुवत निघतो तो भाग बहुधा सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होणारा असतो.

पायाची गोष्ट मात्र स्वस्त नाही, आणि नदीवरचे पूल बहुधा पायातूनच जातात. पुराचं पाणी खांबाला धडकतं, खाली वळतं आणि पायाशी भोवरा करून तळ खरवडत राहतं. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सेकंदाला २ मीटरचा वेग ३ मीटर झाला की रेटा सव्वादोन पट. पुराच्या ऐन भरात खड्डा सगळ्यात खोल असतो आणि त्या वेळी कुणी तिथे जाऊन बघू शकत नाही. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरून येतो. ऑक्टोबरात काठावरून पाहणाऱ्या अभियंत्याला तळ सपाट दिसतो, तो ‘पाया सुस्थितीत’ लिहितो आणि जातो. भरलेला गाळ सैल असतो, पुढच्या पुरात पहिल्या तासाभरात निघून जातो. हे ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. टोकदार लोखंडी सळई खांबाच्या चारी बाजूंनी गाळात दाबून बघायची. सहज दीड-दोन मीटर खाली गेली तर तिथे खड्डा होता.

पण सळई घालायला पाया उघडा हवा, आणि इथे आपल्याकडचा एक खास घोळ आहे. पावसाळ्यापूर्वीची पाहणी साधारण मे महिन्यात होते. त्या वेळी खालच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, नदी तुडुंब, आणि वरच्या पुलाचे खांब फुगवट्यात उभे. पाहणी होते ती पाण्याच्या वर दिसणाऱ्या पुलाची. जून लागताना बरगे काढले जातात, पाणी उतरतं, पाया दिसू लागतो, तोवर पाहणीचा अहवाल वर गेलेला असतो. बरगे काढणारं खातं जलसंपदा, पूल बघणारं खातं सार्वजनिक बांधकाम. ‘अमुक तारखेला बरगे निघतायत, दोन दिवस पाणी खाली असेल, या’ एवढा एक फोन झाला तर फुकटात पाया बघून होईल. यासाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणाला सुचत नाही.

बरग्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. देशभरच्या पाटबंधाऱ्यांच्या पुस्तकांत ज्याला के.टी. वेअर म्हणतात, त्यातला ‘के’ कोल्हापूरचा, ‘टी’ टाइपचा. नदीच्या पात्रात ओळीने खांब, प्रत्येक खांबाला उभ्या खाचा, पावसाळा सरला की त्या खाचांत एकावर एक बरगे बसवायचे आणि पाणी अडवायचं. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी आणि मधे चिखलमाती ठोकून भरायची, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बरगे. जूनच्या तोंडावर सगळे काढून काठावर रचून ठेवायचे, म्हणजे पूर मोकळा जातो. कल्पना इतकी सरळ की बिघडायला जागा नाही असं वाटतं. बिघडतं ते कडेला. वळवाने अचानक पाणी आलं आणि काही गाळ्यांतले बरगे निघाले नाहीत, एखाद्या बरग्याचा उचलायचा कान वाकला म्हणून आकडा बसेना, एखादा खाचेत गंजून बसला, तर तेवढे गाळे बंद राहतात. पाणी शेजारच्या गाळ्यांतून दुप्पट जोराने जातं, किंवा बंधाऱ्याला वळसा घालून मातीचा काठच फोडतं. बंधारा जागेवर, नदी बाजूला, अशी अवस्था होते. उन्हाळ्यात काठावरचे लोखंडी बरगे चोरीला जातात हा आणखी एक ताप. मग उरलेले कुठेही कसेही बसवायचे, फटी राहतात, गळतीला पोती कोंबायची.

आणि या सगळ्यावरून आपण वाहनं नेतो. बंधाऱ्यावरचा स्लॅब मुळात बरगे काढणाऱ्या माणसांसाठी. गावांना तो जवळचा रस्ता वाटला, मग थोडा रुंद झाला, मग दुचाकी, मग टेम्पो, मग ट्रॅक्टर. त्याला कठडा नसतो, कारण कठड्यात पुराचा पाला-लाकूड अडकून सगळा रेटा खांबावर येईल. बावडा आणि वडणगे यांच्यामधला राजाराम बंधारा घ्या. ज्या बांधकामावर अख्ख्या शहराच्या पुराची पट्टी आहे, त्याच्या स्वतःच्या स्लॅबने किती टन उचलावेत याची पट्टी किती जणांना ठाऊक आहे? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची करतो, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. आपले बंधारे त्या चौकटीच्या खालून निघून जातात. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात ‘इतके बंधारे पाण्याखाली’ असा आकडा येतो. पाण्याबाहेर आल्यावर त्यांतले किती तपासले, हा आकडा काही छापून येत नाही.

‘स्ट्रक्चरल ऑडिट करा’ ही मागणी आता मोर्चाच्या निवेदनात ठरलेली असते. करावंच. पण ऑडिट म्हणजे नेमकं काय मागायचं हे ठाऊक असलेलं बरं. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून वेग मोजतात. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, साडेतीनच्या खाली शंकास्पद. काँक्रीटचा तुकडा फोडून ताज्या अंगावर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन टाकलं आणि गुलाबी झालं तर सळईचं संरक्षण शिल्लक आहे, रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा तो थर निकामी केला. तो बेरंग थर सळईपर्यंत पोचला की गंज सुरू व्हायला फक्त ओल लागते. सळईचा विद्युत विभव उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या पुढे. काँक्रीटमधून तीन कोअर, म्हणजे गोल नमुने, काढून फोडले तर सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ च्या खाली नको. हे आकडे गुप्त नाहीत. तरी बहुतेक अहवालांच्या शेवटच्या पानावर येतं ते ‘आवश्यक दुरुस्ती करून वापरास हरकत नाही’. हे वाक्य अहवालाआधीच लिहून ठेवता आलं असतं. अहवालाने सांगायला हवं ते असं की या मोजमापांवरून या गाळ्यावर एका आसाला इतके टन, एका वेळी एकच जड वाहन, आणि ही परवानगी अमुक महिन्यापर्यंत.

एकेका पुलाकडे सुटं बघण्यात आणखी एक फसगत आहे. समजा एखादा जुना पूल एका वर्षात पडण्याची शक्यता हजारात एक आहे. ऐकायला बरं वाटतं. असे ५० पूल घ्या आणि २० वर्षं थांबा. त्यांपैकी निदान एक तरी पडण्याची शक्यता ६३ टक्के निघते. प्रत्येक पुलाचा अभियंता प्रामाणिकपणे म्हणेल की माझा पूल ठीक आहे, आणि तरीही एका पुलावर एका रात्री आक्रोश होईल. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात तोही तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत येण्याची शक्यता २६ टक्के असते. आपण तर २००५ ते २०२१ एवढ्यात तीन महापूर बघितले, २०१९ ला पट्टी ५५ फुटांच्या वर गेली. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा यंत्रणेने २००१ मध्ये लिहून टाकलं की सामान्य नागरिकावर वर्षाला दहा हजारांत एकापेक्षा जास्त मृत्यूची जोखीम लादणं सहन होणार नाही, आणि दहा लाखांत एकाच्या खाली असेल तर फारसा काथ्याकूट नको. मधल्या पट्ट्यात खर्चाच्या प्रमाणात ती कमी करत राहायची. आकडे आपल्याला मानवतील की नाही हा वाद घालता येईल. वाद घालायला आकडा तर हवा.

यावर पहिली हरकत ठरलेली असते. आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील. ३९ फुटांनी कोण घाबरलं? घबराट होते ती रात्री अकराला मोबाइलवर आलेल्या ‘पूल खचला’ अशा मेसेजने, कारण त्याला ताडून बघायला काही नसतं.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे, आणि ती खात्यातल्या माणसांची आहे. आकड्याखाली सही कोण करणार? ‘धोकादायक’ लिहिणारा अभियंता कायम सुरक्षित असतो. ‘१२ टनांपर्यंत चालेल’ लिहिणारा उद्या १० टनाला काही झालं तर कोर्टात उभा राहतो. म्हणून सगळंच धोकादायक ठरतं. कोल्हापुरातल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांना पावसाळ्याआधी येणाऱ्या नोटिसा बघा. कुठला वाडा ताबडतोब रिकामा करून पाडायचा, कुठला रिकामा करून दुरुस्त करायचा, कुठला माणसं ठेवून दुरुस्त करता येतो आणि कुठल्याला किरकोळ डागडुजी पुरते, यासाठी अनुक्रमे सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी राज्यात आहे. पण घरमालकाला भाडेकरू काढायला सी-१ हवा असतो, भाडेकरूला काहीच नको असतं, आणि पालिकेला नोटीस दिल्याची पोच हवी असते. वर्गवारी तांत्रिक राहत नाही. यावर उपाय सहीची भीती घालवण्याचा आहे. मोजमाप करून, पद्धत लिहून, मुदत घालून दिलेल्या आकड्यामागे खात्याने उभं राहावं, आणि मोजमाप न करता दिलेल्या ‘धोकादायक’ शेऱ्याबद्दल जाब विचारावा. आज नेमकं उलट चालतं.

‘मग बंदच करा की’ म्हणणाऱ्यांनी बंद करण्याचीही जोखीम मोजावी. बंधारा बंद झाला की पलीकडच्या गावाला कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात यायला वळसा पडतो. अडलेली बाळंतीण, सर्पदंशाचा रुग्ण, यांच्यासाठी अर्धा तास म्हणजे काय ते डॉक्टरांना विचारा. वळशाच्या रस्त्यावर अपघात होतात तेही याच हिशेबात धरायला हवेत. पूल पडून मेलेला माणूस बातमीत येतो, वळशात गेलेला येत नाही. काही पूल या हिशेबाने हलक्या वाहनांसाठी चालू ठेवणंच शहाणपणाचं निघेल.

जोखीम ढकलली जाते याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण शिरोलीजवळ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये तिथला पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, दिवसेंदिवस वाहनांच्या रांगा लागल्या. उत्तर काय, तर रस्ता उंच करा. पण मातीचा भराव टाकून उंच केला तर रस्ता कोरडा राहतो आणि पूरपट्ट्यात आडवा बांध तयार होतो. पाणी वरच्या बाजूला शिये, चिखली, आंबेवाडीकडे तुंबतं. म्हणून तिथली माणसं खांबांवरचा पूल मागतात. तो महाग असतो, पण भरावाचा स्वस्तपणा म्हणजे शेजाऱ्याच्या घरात पाणी सोडून केलेली बचत आहे, आणि ती अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. आपण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर तावातावाने बोलतो, त्याची पाणीपातळी ५१९ मीटर की ५२४ मीटर हे चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असतं. आपल्या घरच्या भरावाने किती इंच फुगवटा येतो हे मात्र कुणी मोजून मागत नाही.

धरणांकडे वळताना राधानगरीचं नाव घ्यायलाच हवं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ठरावीक पातळी आली की पाण्याच्याच भाराने उघडतात, प्रत्येकातून १४२८ क्युसेक. रात्री दोनला कुणाला उठवावं लागत नाही, वीज गेली तरी चालतं. आपत्तीत माणसाच्या निर्णयावर कमीत कमी अवलंबून राहायचं हे शहाणपण त्यात आहे. पण बाकीचे दरवाजे माणसांनी हलवायचे असतात. २०२१ च्या डिसेंबरात तिथलाच एक दरवाजा दुरुस्तीच्या वेळी अडकला आणि ऐन हिवाळ्यात भोगावती भरून वाहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये कर्नाटकात तुंगभद्रेच्या १९ व्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजाच वाहून गेला. तो गाळा लोखंडी फळ्या टाकून बंद करायला, बरगेच म्हणा आपल्या भाषेत, आठवडा गेला आणि तोवर साठ्यातलं पाणी सोडून द्यावं लागलं. सत्तर वर्षांचं दगडी धरण हललं नाही, तुटली ती साखळी. अशा ठिकाणी प्रश्न एकच विचारायचा. हा एक भाग तुटला तर पुढे काय अडवणार आहे? उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो भाग वेळापत्रकाने बदलायचा, तुटायची वाट बघायची नाही. काळम्मावाडी धरणाच्या गळतीवर दर वर्षी बोललं जातं. गळती असणं दगडी धरणाला नवं नाही. ती दर आठवड्याला त्याच पातळीला मोजली, वाढते का आणि गढूळ येते का पाहिलं, तर तिच्यासोबत राहता येतं. वाढू लागली तर साठा किती मीटरवर थांबवायचा हे आधी ठरलेलं हवं.

आता पाटीकडे परत येऊ. पुलाच्या दोन्ही टोकांना लावायच्या पाटीवर सहा ओळी पुरतात. एका आसाला कमाल टन. एका वेळी किती जड वाहनं. कुठल्या पातळीला पूल बंद. पुढची तपासणी कुठल्या महिन्यात. बंद करायचा अधिकार कुठल्या हुद्द्याकडे, त्याचा नंबर. पर्यायी रस्ता आणि किती किलोमीटर.

नुसत्या पाटीने ट्रक थांबत नाही हे मान्य. तीन मीटर उंचीची लोखंडी कमान लावली तर रुग्णवाहिका जाते आणि शिगोशीग भरलेली उसाची ट्रॉली अडते. पण वाळू आणि खडीचा ट्रॅक्टर त्याच कमानीखालून आरामात निघतो, कारण त्याची उंची कमी आणि वजन जास्त. एक ब्रास वाळू साडेचार टनांच्या घरात जाते. उंचीची कमान उसाला, आणि वाळू-खडीसाठी परवान्याच्या पावतीवरच ‘या मार्गाने नाही’ असं छापायचं. खाणीवर आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर हे तपासता येतं, तिथे वजन आयतं मोजलेलं असतं. पुलाच्या तोंडाशी पोलीस उभा करून हे जमणार नाही, पावसात आणि रात्री तर नाहीच.

आणि खांबावर रंगवायचे दोन पट्टे. पिवळा, तिथवर पाणी आलं की जड वाहनं बंद. तांबडा, तिथून पुढे सगळ्यांना बंद. पट्टे काठावरून, अंधारात बॅटरीच्या उजेडातही दिसावेत, म्हणून हातभर रुंद. रंग ऑइलपेंट नको, एका पुरात निघून जातो. रस्त्यावर पट्टे मारायला वापरतात तो चमकणारा गरम रंग ओल्या दगडावर धरत नाही, त्यामुळे इपॉक्सी लावावा लागेल, तोही दगड कोरडा आणि घासून स्वच्छ असताना, म्हणजे बरगे काढून पाणी उतरल्यानंतरच्या त्याच दोन दिवसांत. पुराचा गाळ त्यावर बसणारच. दर जूनमध्ये तारेच्या ब्रशने घासून काढायला एक माणूस आणि एक शिडी लागेल.